कापसाची काटापट्टी मागतो, मग गाडीची काहून नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातला शेतकरी, अकरा एकर कोरडवाहू, कापूस तूर सोयाबीन. तुमचा पेपर आमच्या चौकातल्या पानठेल्यावर येतो आणि सकाळी आठ-दहा जण तो मिळून वाचतात. दसरा, धनतेरस, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आली की पेपरात गाड्यांच्या शोरूमच्या पानभर जाहिराती असतात आणि मग त्या ठेल्यावर आठवडाभर गाडीशिवाय दुसरी गोष्ट निघत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे पण कृपा करून कापू नका, कारण कापसाचा पैसा हातात आला की आमच्या भागातली बरीच घरं पहिल्यांदाच फोरव्हीलर घ्यायला निघतात, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला शोरूममध्ये काय विचारायचं हेच माहीत नसते. मलेही नव्हतं.

आमच्या आईचे दोन्ही गुडघे गेले. महिन्यातून दोनदा सावंगीला दवाखान्यात न्यावं लागते, दर खेपेला भाड्याची गाडी सांगा, ड्रायव्हर रिकामा आहे का पाहा, रात्री-बेरात्री तब्येत बिघडली तर फोन कोण उचलते कोण नाही. म्हणून ठरवलं की यंदा कापूस विकला की छोटी का होईना घरची गाडी घ्यायची. पाडव्याच्या दहा दिवस आधी बायको आणि मी एका मोठ्या शहरातल्या शोरूमला गेलो. नाव लिहित नाही, कारण हे एकाच शोरूमचं नाही, नंतर चौकशी केली तर बऱ्याच ठिकाणी असंच चालते असं कळलं.

तिथला पोरगा चांगला होता, आपल्याच भागातला, बोलीवरून ओळखू येत होतं. "काकाजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सव्वाआठ लाखात गाडी तुमच्या दारात." बायको म्हणाली, "भाऊ, हे सव्वाआठ कशाचे कशाचे ते कागदावर लिहून द्या नं." तर तो म्हणाला, "काकू, विश्वास नाही का आमच्यावर? गाडी आली की सगळा हिशोब देतोच." मी बायकोलेच गप केलं. मले वाटलं येवढा चांगला बोलतो आहे, पाणी चहा झाला आहे, आता कागद मागणं बरं दिसत नाही. बुकिंगचे पैसे भरले आणि घरी आलो.

आता हे बघा, कापूस विकायला नेतो तेव्हा आपण कसे असतो? गाडी काट्यावर चढली की नजर आकड्यावर, ओलावा किती धरला, कडता किती कापला, हमाली किती, तोलाई किती, सगळं विचारतो, दहा किलोचा फरक पडला तर तिथंच उभं राहून भांडतो, आणि काटापट्टी, म्हणजे वजनाचा आणि कपातीचा हिशोब लिहिलेली पावती, खिशात आल्याशिवाय मार्केट यार्डातून निघत नाही. तोच माणूस त्याच कापसाचे पैसे घेऊन शोरूमच्या एसीत बसला की एकही पट्टी मागत नाही! मले संपादक साहेब सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, गाडीचीही काटापट्टी मागा, आणि ती बुकिंगच्या आधी मागा, कारण एकदा पैसे अडकले आणि मुहूर्ताची तारीख सोयऱ्या-धायऱ्यांना सांगून झाली की मग मागून काही फायदा नाही.

माझी पट्टी पाडव्याच्या आदल्या दिवशी हातात आली ती अशी होती. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीची गाडीची किंमत, ६,९०,०००. रोड टॅक्स ७५,९००, तो बरोबर आहे, आपल्या महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के लागतो. इन्शुरन्स ३८,०००. रजिस्ट्रेशन, आरसीचं (नोंदणीचं) कार्ड आणि कर्जाची नोंद मिळून २,४०० च्या आसपास. फास्टॅग ६००. इथपर्यंत समजलं. मग पुढं अॅक्सेसरीज २२,५००, हँडलिंग चार्ज ८,५००, एक्स्टेंडेड वॉरंटी १४,०००, रोड साइड असिस्टन्स २,०००. सगळं मिळून ८,५३,९००. सव्वाआठचे साडेआठच्या वर गेले. मी म्हटलं भाऊ हे काय, तर तो म्हणाला काकाजी हे सगळ्यांनाच लागते, आणि उद्याची डिलिव्हरी पाहिजे असेल तर आज संध्याकाळपर्यंत पेमेंट करावं लागते. घरी आईनं पूजेचं ताट काढून ठेवलेलं, बहीण-जावई येऊन बसलेले. मी पैसे भरले.

नंतर एकेक गोष्ट कळत गेली ती लिहितो.

हँडलिंग चार्ज, कुठं त्याला लॉजिस्टिक म्हणतात कुठं डेपो चार्ज म्हणतात, याची सरकारी फीमध्ये कुठंच जागा नाही. आरटीओची फी ठरलेली आहे, कारच्या रजिस्ट्रेशनची ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १,५००, आणि कार्डाचे २००, बाकी टॅक्स. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणायचा खर्च आपल्याकडून वेगळा घ्यायचं काही कारण नाही. सरळ सांगायचं की हे मी देणार नाही. जो ठाम राहतो त्याचं हे काढून टाकतात, हे मी नंतर माझ्या डोळ्यानं पाह्यलं.

इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यावा लागते असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खोटा आहे. विमा नियामक इर्डाचे नियम आहेत की विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवणार, डीलर जबरदस्ती करू शकत नाही. नवीन कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, एकदमच घ्यावा लागते, हे सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून आहे, आणि थर्ड पार्टीचा हप्ता सरकारनं ठरवलेला असते म्हणून तो सगळीकडे सारखाच. फरक पडते तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, जो बहुतेक एकच वर्षाचा असते, आणि त्याच्यावर जोडलेल्या झिरो डेप (पार्ट बदलताना जुनेपणाचे पैसे कापत नाहीत तो विमा), इंजिन प्रोटेक्ट असल्या गोष्टींत. मी नंतर त्याच गाडीचं, तेवढ्याच किमतीचं, झिरो डेप धरून बाहेर कोटेशन काढलं तर २७,००० आलं. सरळ ११,००० चा फरक. शोरूमवाले म्हणतात बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं सरळ वर्कशॉपला देणं, मिळणार नाही. कॅशलेस हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर असते, कंपनीच्या यादीत आपल्या जवळचं वर्कशॉप आहे का तेवढं आधी बघून घ्यायचं. झिरो डेप मात्र पहिल्या वर्षी नक्की घ्या, आपल्या पांदण रस्त्यांवर बंपर आणि प्लास्टिकचे पार्ट कधी फुटतील सांगता येत नाही.

अॅक्सेसरीजमध्ये होतं काय, तर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर आणि अंडरबॉडी कोटिंग. यातलं मॅट आणि मडफ्लॅप सोडून मले त्या दिवशी काहीच नको होतं. सीट कव्हर यवतमाळात चांगल्या दुकानात निम्म्या पैशात बसते. एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल मात्र मी वाईट म्हणणार नाही, खेड्यात राहणाऱ्यानं ती घ्यावी असंच माझं मत आहे, फक्त त्यात काय येते काय नाही ते वाचून, आणि ती कंपनीचीच आहे ना की डीलरनं आपली आपण केलेली, हे विचारून.

कर्जाचं सांगतो, कारण खरा पैसा इथं जातो आणि तो कोणाला दिसत नाही. मले ५ लाखाचं कर्ज पाहिजे होतं. शोरूममध्ये फायनान्सचा माणूस बसलेला असते, त्यानं सांगितलं सात टक्के, पाच वर्षं, हप्ता ११,२५०. आमच्या तालुक्याच्या बँकेनं साडेनऊ टक्के सांगितलं होतं. कोणालाही वाटणार सात चांगले. पण हे सात टक्के फ्लॅट होते, म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ५ लाखावर व्याज, आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असलो तरी. त्याचं एकूण व्याज १,७५,०००. बँकेचे साडेनऊ टक्के होते घटत्या शिल्लकीवर, त्याचा हप्ता साधारण १०,५०० आणि पाच वर्षांचं व्याज १,३०,००० च्या आसपास. म्हणजे सात टक्के दिसणारं कर्ज हे खरं साडेबारा टक्क्यांचं होतं आणि ४५,००० नं महाग! हे मले माझ्या पुतण्यानं कागदावर मांडून दाखवलं तेव्हा विश्वासच बसला नाही, दोनदा मोबाईलवर गणित केलं. नशीब की बँकेचं मंजुरीपत्र आधीच हातात होतं, म्हणून कर्ज बँकेचंच घेतलं. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम केला आहे की कर्ज देणाऱ्यानं गिऱ्हाईकाला सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडते हे एका कागदावर लिहून द्यावं, आणि तेही गिऱ्हाईकाला समजेल अशा भाषेत. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. सही करायच्या आधी तो कागद मराठीत मागा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड लागते हेही त्यातच बघा, कारण आपल्याला एखाद्या वर्षी कापूस साधला तर दोन हप्ते एकदम भरता आले पाहिजेत.

पैसे देतानाचं एक. आपल्याकडे अजूनही लोक थैलीत नोटा घेऊन जातात. कोणत्याही एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्या वर रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पैसे बँकेतून, शोरूमच्या कंपनीच्याच खात्यात, आणि पावती त्याच वेळी. कोण्या सेल्समनच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर पैसे टाकू नका, तो कितीही ओळखीचा असो, उद्या तो नोकरी सोडून गेला तर शोरूम हात वर करते. आणि बुकिंग कॅन्सल केलं तर किती परत मिळते हे त्या पावतीवर लिहून घ्या.

माझी सगळ्यात मोठी चूक डिलिव्हरीच्या दिवशी झाली. पाडव्याच्या संध्याकाळी दिवे लागल्यावर गाडी दिली, हार घातलेला, रिबन बांधलेली, नारळ फोडला, फोटो काढले, आई मागं बसली होती आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं, त्या वेळी कोण टायर बघते? चार दिवसांनी पुतण्या आला, तो गॅरेजमध्ये काम करते, त्यानं टायरवरचे आकडे वाचले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे टायर पाडव्याच्या कितीतरी महिने आधीचे. मग त्यानं फॉर्म २१ काढायला लावला, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र, त्यात गाडी कोणत्या महिन्यात कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असते. गाडी मागच्या वर्षीची निघाली! आरसीवर तेच वर्ष येणार आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक तेच वर्ष धरणार. मागच्या वर्षीची गाडी घेणं वाईट नाही, पण ती चांगली सूट देऊन विकतात, जानेवारी ते मार्च बरीच शोरूम तसा माल काढत असतात, मले ती नवीन म्हणून पूर्ण भावात दिली. तक्रार केली तर उत्तर मिळालं, काकाजी आता गाडी तुमच्या नावावर झाली. आणि ते खरंच आहे, रजिस्ट्रेशन झालं की बदलून मिळणं फार कठीण.

म्हणून गाडी बघायची ती रजिस्ट्रेशन आणि विमा व्हायच्या आधी, त्यांच्या यार्डात, दिवसाच्या उजेडात. माझ्या साळ्यानं मे महिन्याच्या शेवटी गाडी घेतली तेव्हा आम्ही असंच केलं. तीन शोरूमचे कोटेशन लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, एकेक बाब वेगळी. एकाच कंपनीची तीच गाडी आणि तिघांची सूट वेगवेगळी होती. मुहूर्त धरला नाही, महिन्याचे शेवटचे दिवस धरले, कारण त्यांना महिन्याचं टार्गेट असते. ग्रामीण भागासाठी, शेतकऱ्यासाठी काही स्कीम आहे का हे तोंडानं विचारलं, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पुतण्याला सोबत घेऊन सकाळी दहा वाजता यार्डात गेलो, चेसिस नंबरचा फोटो काढला, तोच नंबर बिलावर येईल असं सांगून ठेवलं, टायरचे आकडे, स्टेपनी, जॅक-पाना, किलोमीटर, दरवाज्याच्या फटी, रंगात कुठं फरक, काच वर-खाली, एसी, दोन्ही चाव्या, सगळं बघितलं, दीड तास लागला. मग पैसे भरले. नंबर लागल्याशिवाय गाडी घ्यायची नाही हेही सांगून ठेवलं होतं, कारण रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय, निदान तात्पुरतं तरी, डीलरला गाडी ताब्यात देताच येत नाही, तसा नियम आहे, आणि कच्च्या नंबरच्या गाडीचं रस्त्यात काही झालं तर विमावाल्याच्या मागं आपणच फिरत बसतो. हँडलिंग चार्ज त्यानंही लावला होता, साळा उठून उभा राह्यला, काढून टाकला.

गाडी कोणती घ्यायची हे मी सांगणार नाही, ज्याची गरज तो जाणे. पण म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर त्या माणसाला शोरूमला घेऊन जा. आम्ही आईला नेलं होतं ही एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली. मले एक लांब, खाली बसलेली गाडी आवडली होती, आईला तिच्यातून उठताच येईना. मग थोडी उंच सीटची घेतली, तिच्यात ती सरळ बसते आणि सरळ उतरते. ट्रायल घेताना घरचे पाचही जण बसवा, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही तर खड्ड्याच्या रस्त्यावर न्या, आणि दुपारी एसी लावून बघा, कारण आपला मे महिना त्या गाडीला काढायचा आहे. सर्व्हिस सेंटर गावापासून किती दूर आहे ते बघा. आणि अॅक्सेसरीजवर जे वीस-पंचवीस हजार जातात ते वाचवून, जमत असेल तर जास्त सुरक्षित मॉडेलमध्ये टाका. भारत एनकॅपची, म्हणजे गाडी धडकवून तिची सुरक्षितता तपासायची, स्टार रेटिंग ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे, ती बघूनच गाडी निवडा. समृद्धी महामार्गावर गाडी काढणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे.

आणखी तीन गोष्टी घाईघाईत. गाडी १० लाखाच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात, तो रिटर्न भरून परत मिळू शकते, बऱ्याच लोकांना माहीतच नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, म्हणजे ४ मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या, म्हणून कोणी जुन्या किमतीची यादी दाखवून सूट दिल्यासारखं करत असेल तर कंपनीची आजची किंमत मोबाईलवर बघून घ्या. जुनी गाडी बदल्यात दिली असेल तर ती दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत पिच्छा सोडू नका, तोपर्यंत अपघात झाला तर नोटीस तुमच्याच घरी येते.

त्या शोरूममधल्या पोराबद्दल माझ्या मनात राग नाही. तो कोण्या शेतकऱ्याचाच मुलगा आहे, त्याला पगार कमी, आणि विमा, अॅक्सेसरीज विकल्या तरच इन्सेंटिव्ह. पण त्याच्या मालकाला आणि कंपनीला मले विचारायचं आहे की जी पट्टी तुम्ही शेवटच्या दिवशी देता ती पहिल्या दिवशी देता येत नाही का? बाजार समितीत हमाली-तोलाईचे दर फळ्यावर लिहिलेले असतात, तसं प्रत्येक शोरूमच्या दारात मराठीत बोर्ड का नाही, की सरकारी फी एवढी, टॅक्स एवढा, विमा बाहेरून घेता येतो, बाकी सगळं ऐच्छिक. परिवहन विभागानं मनावर घेतलं तर हे होऊ शकते. आणि तुम्हालाही विनंती आहे संपादक साहेब, ज्या दिवशी तुम्ही शोरूमच्या जाहिराती छापता त्याच दिवशी त्याच पेपरात ऑन-रोड, म्हणजे सगळा खर्च धरून पडणाऱ्या किमतीचा एक नमुना छापा, कोणती रक्कम द्यावीच लागते आणि कोणती नाही म्हणता येते. आमच्या ठेल्यावर तो कापून लावून ठेवू.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली आहे. वकील न लावताही जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, आणि गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. हँडलिंग चार्जचे ८,५०० परत मागणारं आणि मागच्या वर्षीच्या गाडीचा फरक मागणारं पत्र मी शोरूमला रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे, पोचपावती आली आहे, उत्तर नाही आलं. महिनाभर वाट पाहतो आणि मग यवतमाळला जाऊन अर्ज देतो. काय होते ते तुम्हाला कळवीन.

आपला वाचक,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ
(नाव छापू नये ही विनंती)